दाढ दुखतेय म्हणालो

डॉक्टरांनी "तोंड उघडा" म्हटल्यावर ज्यांचं तोंड उघडत नाही आणि ज्यांना त्याची लाज वाटते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. फक्त तोंडात काही असेल तर आधी थुंकून या.

माझं वय त्रेपन्न. कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाताना लागणाऱ्या एका गावात घर. मांडव, खुर्च्या आणि टोप-पातेली भाड्याने द्यायचा धंदा. सामान आमचं, टेंपो इस्माईलभाईचा. तो खालापूरचा, आणि वीस वर्षांपासून माझा भागीदार. घरात मी आणि सुनंदा. मुलगी लग्न होऊन ठाण्याला.

पण गावात मला ओळखतात ते खुर्च्यांमुळे नाही, तोंडामुळे. सोयरीक जुळवायची बैठक असली की मला पुढे बसवतात. मुलीचा मामा बोलायला कच्चा असेल, मुलाचा बाप तापट असेल, की "वसंताला बोलवा." मी जाणार, दोन गोष्टी सांगणार, माणसं हसणार, आणि हसता हसता काम होऊन जाणार. बैठकीत तबक फिरतं. पान नको म्हटलेलं चालतं आमच्याकडे. पण सुपारीचं खांड न उचलणं म्हणजे या माणसाला सोयरीक पसंत नाही. मी तीस वर्षं सगळ्यांच्या सोयरिकी पसंत केल्या. आधी बैठकीत, मग बैठकीबाहेर, मग दुकानात बसल्या बसल्या, आणि शेवटी शेवटी कोणाचंही लग्न नसताना, पुडी फोडून.

*

तोंड एका दिवसात मिटत नाही. मिटलं असतं तर निदान घाबरलो तरी असतो.

आधी तिखट लागायला लागलं. सुनंदाच्या सुकटीच्या कालवणाला मी कधी नाव ठेवलं नव्हतं, आणि आता पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, मिरची बदलली वाटतं. ती म्हणाली, मिरची तीच हाय, तुमी बदलले. मग वडापाव दोन्ही तळव्यांत दाबून चपटा करायला लागलो. लोकांना वाटायचं, ही याची खाण्याची ऐट. मग भाकरी कुस्करून. मग चमचा लहान घेतला. जांभई अर्ध्यावर अडकायची, तेव्हा दुसरीकडे बघायचो. एकदा आरशासमोर मोजलं. पूर्वी तीन बोटं उभी जायची दातांच्या मधे, आता एक. तेसुद्धा करंगळीशेजारचं.

गाल आतून चामड्यासारखे झाले होते. बोलणं कमी झालं. लोक म्हणाले, "वसंता आता तोलूनमापून बोलतो. वय झालं, शहाणपण आलं." मीही मान डोलवायचो. तोंड उघडत नाही म्हणून बंद ठेवलेलं आहे हे कोणाला सांगणार? ज्याचा धंदा तोंडाचा, त्याने तोंड गेलं असं कसं सांगायचं?

*

दवाखान्यात गेलो ते तोंडासाठी नाहीच. पोटासाठी गेलो. कुंभिवलीत एका हळदीचा मांडव घालत होतो, बांबू धरलेला असतानाच उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी बांबूसकट बसलो. इस्माईलभाई म्हणाला, "वसंता, मांडव उभा करायचा असतो रं, मांडवाखाली झोपायचं नसतं." मग माझं तोंड बघितलं आणि चेष्टा बंद करून टेंपोत घातलं.

पित्ताशयात खडे. पित्ताशय काढायचं. खोपोलीच्या एका छोट्या हॉस्पिटलात तारीख ठरली. दुर्बिणीतून होणारं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी.

आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर तपासायला आले. तरुण पोरगा, आमच्या जावयाएवढा. मी कॉटवर बसलेलो, उशाशी सुनंदा उभी.

"काका, तोंड उघडा. मोठं. जीभ बाहेर."

मी जमेल तेवढं उघडलं. त्याने बॅटरी मारली, कपाळाला आठी घातली. "एवढंच उघडतं?"

आता इथे मी खरं बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण शेजारच्या कॉटवर आमच्याच बाजूचा एक ओळखीचा पेशंट कान टवकारून बसलेला. आणि सुनंदा उभी. तिला मी दोन वर्षांपूर्वी तिच्या आईची शपथ घेऊन सांगितलं होतं की सुपारी सोडली.

"दाढ दुखतेय," मी म्हणालो. "चार दिवस झाले."

"पान, सुपारी, गुटखा?"

"छे. सणासुदीला कधी खांडभर."

त्याने सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने भिंतीवरच्या पंख्याकडे पाहिलं.

"दुखण्यामुळे असेल तर भूल दिल्यावर सैल पडेल," तो म्हणाला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

यात त्याचं काही चुकलं नाही. हे मला पुढे एका मोठ्या हॉस्पिटलातल्या भूल देणाऱ्या मॅडमनी समजावलं. दुखण्याने मिटलेलं तोंड भुलेत खरंच सैल पडतं. सुपारीने मिटलेलं पडत नाही. ते जागेपणी जेवढं, तेवढंच झोपेत. मी त्याला नेमकं तेच खोटं सांगितलं होतं ज्याने माणूस मरतो. आयुष्यभर इतक्या थापा मारल्या, त्यातली एकही इतकी अचूक बसली नव्हती.

*

मला आठवतं ते एवढंच. हातात सुई, डोक्यावर गोल दिवा, आणि मी सिस्टरला काहीतरी विनोदी सांगतोय. मग एकदम जाग. ओठ फुटलेला, पुढचा एक दात अर्धा गेलेला, छातीवर कोणी बसून गेल्यासारखं. पोटावर हात नेला. पोट जसंच्या तसं.

"टाके कुठायत?" मी विचारलं.

तो तरुण डॉक्टर स्टुलावर बसला होता. हिरवा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि रागावला असता तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाला, "काका, तुम्ही मला सांगायला हवं होतं."

ऑपरेशन झालंच नव्हतं. झोपेचं औषध गेलं, माझा श्वास थांबला, आणि श्वासाची नळी घालायला तोंड उघडायला गेले तर ते उघडेना. जीभ बाजूला सारणारं अवजारच आत जाईना. मास्कने हवा देऊन देऊन, जबडा ओढून धरून, त्यांनी मला औषध उतरेपर्यंत कसंबसं जगवलं आणि परत जागं केलं. गळ्याला भोक पाडायचं सामान उघडून ठेवलं होतं म्हणे. तेवढ्यावर आलं होतं.

*

मी तेव्हा झोपेत होतो. जागी होती ती सुनंदा.

हे तिने मला घरी आल्यावर आठ दिवसांनी सांगितलं, तांदूळ निवडताना, वर न बघता. ऑपरेशनच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. आतल्या यंत्राची टिकटिक बाहेर ऐकू येत होती. रक्तातला प्राणवायू मोजणारं ते यंत्र. प्राणवायू उतरला की त्याचा सूरही उतरतो.

"आदी बारीक वाजत व्हतं, पाखरासारखं," ती म्हणाली. "मग जाड झालं. मग आनखी जाड. कोनी सांगायची गरज नाय लागली मला. एक सिस्टर धावत बाहेर आली, धावत आत गेली. मी दाराला हात लावून उभी व्हते."

मी म्हणालो, "मी खोटं बोलायला नको होतं."

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"पुड्या. मांडवाच्या कापडात लपवता ते. दोन वर्सं ठाऊक हाय. त्या डाक्तरनं माझ्याकडं बगितलं, तवा तोंडावर आलं व्हतं माझ्या. पन चार मानसांत तुमी बोलत असताना मधी बोलायचं नाय, हे शिकूनच आले मी या घरात." तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "पंख्याकडं बगत बसले. पंख्याकडं बगून नवरा मारत व्हते."



*

पुढचे दोन महिने कसे गेले ते लिहायचं तर थोडक्यातच लिहावं लागेल, कारण त्यात काही घडलंच नाही. कळ यायची. हॉस्पिटलवाले तोंड बघायचे, खोपोलीच्या डॉक्टरांनी दिलेलं पत्र वाचायचे आणि म्हणायचे, आमच्याकडे नको, मोठ्या ठिकाणी जा. तारीख लांब. मी दुकानात घड्या केलेल्या खुर्च्यांच्या आडोशाला पडून असायचो. दुपारी डोळा लागला की दचकून उठायचो, कारण झोप म्हटलं की मला फक्त ती झोप आठवायची, जिच्यातून मला ओढून काढावं लागलं होतं. जेवण म्हणजे पेज. बोलणं म्हणजे हो आणि नाही. कधी कधी वाटायचं, त्या पोराने कशाला एवढा घाम गाळला. हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही. आता लिहितोय, कारण वाचणाऱ्यांतल्या कोणाला तरी असंच वाटत असेल, आणि त्याला आपण एकटेच असं वाटू नये.

ते पत्र. त्यात लिहिलं होतं की या माणसाला भूल देताना श्वासाची नळी घालणं अवघड आहे, आधी तयारी करा. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे कायम जवळ ठेवा. सुनंदाने त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि प्लॅस्टिकमधे घातल्या. एक माझ्या खिशात, एक तिच्या पिशवीत, एक दुकानात, एक टेंपोत काचेमागे, एक मुलीकडे ठाण्याला. माझ्या लग्नाच्या पत्रिका इतक्या ठिकाणी गेल्या नव्हत्या.

आणि टेंपोची गोष्ट. इस्माईलभाईचा टेंपो मागे घेताना पीं-पीं वाजायचा. खोपोलीहून आल्यावर पहिल्यांदा तो अंगणात टेंपो मागे घेत होता, तर सुनंदा हातातला टोप टाकून कानांवर हात ठेवून खाली बसली. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा आवाज बंद. त्याने वायरच कापून टाकली होती. आठवड्याभरात आमचं तुळशीचं वृंदावन मागच्या मागे उडवलं, आणि खाली उतरून म्हणाला, "वहिनी, वृंदावन मी बांधून देतो. पन त्या आवाजाचं नाव काढू नका." बांधून दिलं. थोडं तिरकं आहे.

*

पनवेलच्या बाजूला एका मोठ्या हॉस्पिटलात शेवटी तारीख मिळाली. तिथल्या भूल देणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. पुन्हा तेच. "तोंड उघडा." पुन्हा तेवढंच. "सुपारी?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा बोलली. उभी राहून, पदर खोचून. किती वर्षं, दिवसाला किती पुड्या, कुठल्या गालात धरून झोपायचे, पहिल्यांदा तिखट कधी लागलं, चमचा कधी बदलला. ही बाई माझ्या तोंडाचा पंचनामा करून बसली होती, आणि मी समजत होतो की लपवलंय.

मॅडम सगळं लिहून घेत म्हणाल्या, "ताई, तुम्ही माझं अर्धं काम केलंत."

मग मला समजावलं. या वेळी आधी झोपवायचं नाही. जागेपणी, नाकातून, कॅमेरा असलेली बारीक लवचीक तार श्वासनलिकेपर्यंत न्यायची, तिच्यावरून नळी सरकवायची, नळी जागेवर बसली की मगच झोप. श्वास पूर्ण वेळ तुमचा तुम्हीच घेणार.

"म्हणजे मला सगळं कळणार?" मी विचारलं.

"कळणार. दुखणार फारसं नाही. पण छान वाटेल असं मी खोटं सांगणार नाही."

खोटं न सांगणारा माणूस भेटायला मला त्या टेबलापर्यंत पोचावं लागलं, ही एक गंमतच.

*

ज्यांना यातून जायचंय त्यांच्यासाठी सांगतो. कडू औषधाची वाफ घ्यायला लावतात. नाकात औषधाचे बोळे. घशात फवारे. हळूहळू घसा नाहीसा होतो. थुंकी गिळली की नाही ते कळत नाही, आणि इथेच माणूस बिथरतो, वाटतं आता बुडणार. बुडत नाही. मॅडमचा हात खांद्यावर होता, तो एकदाही उचलला नाही. त्या प्रत्येक पायरी आधी सांगायच्या आणि मगच करायच्या.

"काका, ताई म्हणाल्या तुम्ही गोष्टी सांगता. एखादी सुरू करा. मधे थांबायचं नाही."

दोन महिन्यांत कोणी मला गोष्ट मागितली नव्हती. मी सुरू केली. एकाच रस्त्यावर दोन लग्नं होती, आणि इस्माईलभाईने दोनशे खुर्च्या भलत्याच मांडवात नेऊन मांडल्या. खऱ्या मांडवातले पाहुणे उभे, आणि खोट्या मांडवात एकेकाला दोन-दोन खुर्च्या. नवरीचा बाप काठी घेऊन निघाला... नाकातून तार आत गेली. खोकला आला. "छान. सांगा, पुढे?" काठी घेऊन निघाला, आणि वाटेत त्याला दुसऱ्या नवरीचा बाप भेटला, तो म्हणाला...

माझे ओठ हलले. हवा बाहेर आली. शब्द आला नाही.

मी पुन्हा बोलायला गेलो. पुन्हा नुसती हवा.

आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नाही. आणि त्याच क्षणी मॅडमचा आवाज आला, समाधानाचा. "बरोबर. आता आवाज येणार नाही. नळी जागेवर बसली. झोपा काका."

म्हणजे आवाज गेला, हीच श्वासाची पावती होती.

जाग आली तेव्हा पोटावर चार बारके टाके. मी हात लावून मोजले. मॅडम डोकावल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "मग तो दुसरा बाप काय म्हणाला?"

घोगऱ्या आवाजात सांगितलं. त्या हसल्या. त्या दोन महिन्यांतलं माझ्या वाट्याचं सुख तेवढं.

*

इथे गोष्ट संपली असती तर मी ही बैठकीतही सांगितली असती.

तपासताना मॅडमना उजव्या गालात मागच्या बाजूला एक लालसर पांढरा चट्टा दिसला होता. मी झोपेत असतानाच दुसऱ्या डॉक्टरांनी त्याचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. टाके काढायला गेलो तेव्हा त्या दुसऱ्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून बसायला सांगितलं. डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात तेव्हा काय असतं, ते आता कळतं मला.

गालाचा कॅन्सर. गाल आणि जबड्याचा काही भाग काढावा लागेल, मांडीची कातडी लावतील. पुन्हा तीच नाकातली तार, आणि या वेळी गळ्याला भोकसुद्धा, काही दिवसांसाठी. मग किरणं.

"बोलता येईल?" मी विचारलं.

"येईल. समजेल इतपत."

"कोणाला समजेल?"

ते डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "घरच्यांना."

लवकर सापडलं, असं सगळे म्हणतात. असेल. मला त्याचा आनंद होत नाही, आणि होतो असं लिहिलं तर ती पुन्हा दाढ दुखतेय म्हटल्यासारखीच थाप होईल. सकाळी उठून मी आरशात बघतो, एक बोट घालतो, आणि ज्या तोंडाला इतकं जपून लपवलं तेच आता कापून काढणार, हे मनात येतं. मग दिवसभर काही सुचत नाही. कोणी धीर द्यायला आलं की सुनंदा चहा करते. तबक पुढे करत नाही. एका पाहुण्यांनी मागितलं, तर तिने त्यांना माझं तोंड बघायला सांगितलं. ते चहा न घेताच गेले.

ऑपरेशन येत्या सोमवारी.

*

गेले काही दिवस सुनंदा दुपारी लसूण सोलायला माझ्याजवळ येऊन बसते आणि म्हणते, ती गोष्ट सांगा. खुर्च्यांची. दुसऱ्या दिवशी दुसरी. नावं विचारते, गाव विचारते, कोण कोणाचा मामा ते विचारते. पूर्वी माझ्या गोष्टी चालू असताना ती स्वयंपाकघरात असायची, मला वाटायचं तिला कंटाळा येतो. ती हे का करतेय ते मी विचारलेलं नाही. तिनेही सांगितलेलं नाही. लसूण मात्र इतका सोलून झालाय की वर्षभर पुरेल.

काल मी आमच्या लग्नाची बैठक सांगत होतो. तिच्या बापासमोर मी कसा ताठ बसलो, तबकातलं सुपारीचं खांड कसं ऐटीत उचललं, आणि सगळे कसे बघत राहिले. नेहमी सांगतो तशीच.

"असं नाय झालं," सुनंदा म्हणाली.

मी थांबलो.

"मी दाराआडून बगत व्हते. हात थरथरत व्हता तुमचा. खांड पडलं खाली. तुमी वाकून शोधायला लागले तर माझ्या बापानं दुसरं उचलून हातात दिलं, आन म्हनला, पोरगा भितोय म्हंजे नीट वागवंल. खोटं सांगता तुमी, इतकी वर्सं." तिने लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "आता नीट ऐका. मी सांगते."

तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी मधे बोललो नाही.